ढगांच्या नोंदींवरून जमिनीवरच्या सौर प्रारणाचा अंदाज: तासागणिक हिशोब कसा करावा

जमिनीवर पोचणारे सौर प्रारण मोजणारे यंत्र, म्हणजे पायरॅनोमीटर, फार थोड्या ठिकाणी बसवलेले असते. ढगांची नोंद मात्र विमानतळांवर आणि हवामान केंद्रांवर दर तासाला, काही ठिकाणी दर अर्ध्या तासाला होत असते, आणि अशा नोंदी कित्येक दशके मागे जातात. सौर पॅनेलमधून किती वीज मिळेल, पिकातून आणि मातीतून किती पाणी उडून जाईल, वाळवणयंत्राला किती उष्णता लाभेल, हे काढायला बसलेला माणूस म्हणूनच बहुधा ढगांच्या आकड्यांपाशी येतो. त्या आकड्यांवरून प्रारणापर्यंत कसे जायचे ते इथे पायरीपायरीने सांगतो. लागणार आहे ते एवढेच: एक स्प्रेडशीट, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि ढगांच्या तासागणिक नोंदी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण नवख्यांच्या हिशोबातली सर्वांत मोठी चूक तिथेच होते. दिवसभराच्या ढगांची सरासरी काढून ती सूत्रात घालू नका. प्रत्येक तासाचे प्रारण वेगळे काढा आणि बेरीज अगदी शेवटी करा. असे का, ते पुढे आकड्यांतच दिसेल.

नोंदीतला आकडा आधी समजून घ्या

निरीक्षक आकाशाचे मनातल्या मनात आठ सारखे भाग करतो आणि त्यांतले किती ढगांनी व्यापले आहेत ते सांगतो. या एककाला ऑक्टा म्हणतात. ० म्हणजे निरभ्र, ८ म्हणजे पूर्ण झाकलेले. यादीत अधूनमधून ९ हा आकडाही भेटतो. त्याचा अर्थ धुक्यामुळे किंवा तशाच कारणाने आकाश दिसतच नव्हते. हा ९ चुकून सूत्रात गेला तर उत्तर चक्क ऋण येते, म्हणून काम सुरू करण्याआधी सगळे ९ शोधून काढा. दाट धुके असेल तर तिथे ८ धरा, आणि कारण कळत नसेल तर ती ओळ गाळा.

विमानतळांच्या मेटार नोंदींमध्ये ऑक्टा थेट मिळत नाहीत, शब्द मिळतात. 'फ्यू' म्हणजे १ ते २ ऑक्टा, 'स्कॅटर्ड' म्हणजे ३ ते ४, 'ब्रोकन' म्हणजे ५ ते ७ आणि 'ओव्हरकास्ट' म्हणजे ८. हिशोबासाठी मधला आकडा घ्यावा: १.५, ३.५, ६ आणि ८. यात 'ब्रोकन' हा सर्वांत त्रासदायक शब्द आहे. ५ ऑक्टाला आणि ७ ऑक्टाला जमिनीवर पोचणाऱ्या प्रारणात फार मोठे अंतर पडते, आणि या एका शब्दात दोन्ही सामावलेले असतात. एकाच नोंदीत ढगांचे अनेक थर दिले असतील तर सर्वांत जास्त आच्छादनाचा थर घेऊन सुरुवात करा.

'कॅव्हओके' हा संकेत दिसला की बरेच जण आकाश निरभ्र धरून मोकळे होतात. हा संकेत वैमानिकांसाठी आहे. दृश्यमानता १० किलोमीटर किंवा त्याहून जास्त आहे, आणि ५,००० फुटांखाली (डोंगराळ भागात ही मर्यादा वर सरकते) ढग नाहीत, असा त्याचा ढोबळ अर्थ. सहा-सात किलोमीटर उंचीवर सिरोस्ट्रॅटसची चादर पसरलेली असली तरी नोंद 'कॅव्हओके' असू शकते. वैमानिकाच्या उतरण्याला त्या चादरीने फरक पडत नाही, पण आपल्या प्रारणाला पडतो.

स्वयंचलित केंद्रांची अडचण आणखी निराळी. तिथले यंत्र, म्हणजे सीलोमीटर, फक्त सरळ डोक्यावर लेसरचा झोत सोडते आणि मधल्या काळात वरून किती ढग सरकले त्यावरून सगळ्या आकाशाचा अंदाज बांधते. अमेरिकेतल्या विमानतळांवरच्या 'एसॉस' केंद्रांची मूळ रचना तर १२,००० फुटांपर्यंतचेच ढग पाहते. अशा केंद्राच्या यादीत 'निरभ्र' तास संशयास्पद वाटण्याइतके जास्त असतील तर कारण बहुधा हेच.

माणसाने केलेल्या नोंदीतही एक कायमचा कल असतो. क्षितिजाजवळचे ढग तिरके दिसतात, त्यांच्या बाजूही दिसतात आणि मधल्या फटी झाकल्या जातात. त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्याचा आकडा खऱ्या आच्छादनापेक्षा थोडा जास्त येतो. हा दोष दुरुस्त करत बसायची गरज नाही, कारण खाली वापरलेले सूत्र अशाच निरीक्षकांच्या नोंदींवर बसवलेले आहे. मात्र उपग्रहाचा किंवा संगणकीय प्रारूपाचा टक्क्यांतला आकडा त्याच सूत्रात घालताना ही गोष्ट ध्यानात ठेवा.

पहिली पायरी: सूर्य किती वर आहे

ढगांचा विचार नंतर. आधी सूर्याची क्षितिजापासूनची उंची काढायची, कारण प्रारणातला सर्वांत मोठा चढउतार तिच्यामुळेच होतो.

वर्षातला दिवस क्रमांकाने घ्या: १ जानेवारी म्हणजे १, ३१ डिसेंबर म्हणजे ३६५. हा क्रमांक 'दि' मानू. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला त्याचे अंशांतले स्थान, अशी मिळते:

क्रांती = २३.४५ × साइन [ ३६० × (२८४ + दि) ÷ ३६५ ]

होराकोन म्हणजे सौर माध्यान्हापासूनचे अंतर, तासाला १५ अंश. सौर वेळेने साडेनऊला तो ३७.५ अंश होतो. मग

साइन (उंची) = साइन (अक्षांश) × साइन (क्रांती) + कोसाइन (अक्षांश) × कोसाइन (क्रांती) × कोसाइन (होराकोन)

डावीकडच्या या एका संख्येला पुढे 'सा' म्हणू. ती शून्य किंवा ऋण आली तर सूर्य मावळलेला आहे आणि त्या तासाचे प्रारण शून्य. स्प्रेडशीट कोन रेडियनमध्ये घेते, अंशांत घेत नाही. म्हणून प्रत्येक कोन आधी रेडियनमध्ये बदला. उत्तर अगदीच विचित्र आले तर पहिली तपासणी इथे करा.

यातली 'सौर वेळ' घड्याळातली वेळ नसते. घड्याळाच्या वेळेत दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. पहिली रेखांशाची: तुमचे ठिकाण प्रमाण रेखावृत्ताच्या (ज्या रेखांशावरून तुमच्या घड्याळाची प्रमाणवेळ ठरते त्याच्या) जितके अंश पूर्वेला, तितक्या अंशांमागे ४ मिनिटे वाढवायची, पश्चिमेला असेल तर वजा करायची. दुसरी दुरुस्ती वर्षभर बदलत राहते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटे पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १४ मिनिटे मागे. तिचे सूत्र:

कोन = ३६० × (दि − ८१) ÷ ३६४
मिनिटे = ९.८७ × साइन (२ × कोन) − ७.५३ × कोसाइन (कोन) − १.५ × साइन (कोन)

महिन्याची बेरीज हवी असेल तर दुसरी दुरुस्ती सोडली तरी फारसे बिघडत नाही. पण मेटारच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात हे विसरलात तर सकाळचे ढग दुपारच्या सूर्याला जोडले जातात आणि सगळाच हिशोब वाया जातो. म्हणून एकदा निरभ्र दिवसाची वक्ररेषा काढून बघा. तिचे शिखर सौर माध्यान्हाला येते की नाही, एवढे तपासले की ही चूक लगेच पकडता येते.

आणखी एक बारकावा. दहा वाजताची ढगांची नोंद ही त्या क्षणाची असते, आणि आपल्याला हवे असते तासाभराचे प्रारण. सूर्याची उंची तासाच्या मध्याला, म्हणजे साडेनऊ, साडेदहा अशी काढा, आणि ढगांसाठी त्या तासाच्या दोन्ही टोकांच्या नोंदींची सरासरी घ्या. एका तासाच्या आतली ही सरासरी चालते. गडबड होते ती दिवसाच्या सरासरीने.

दुसरी पायरी: ढग नसते तर किती मिळाले असते

वातावरणाच्या बाहेर, सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॉट पोचतात. वातावरणातून येताना हवेचे रेणू, बाष्प, ओझोन आणि धूळ त्यातला वाटा कमी करतात. निरभ्र आकाशाखाली उरते किती, यासाठी सूत्रे पुष्कळ आहेत. नवख्याने बर्नहार्ड हॉरविट्झ यांचे १९४५चे सूत्र घ्यावे असे मला वाटते, कारण त्याला सूर्याच्या उंचीखेरीज काहीच लागत नाही:

निरभ्र प्रारण = १०९८ × सा × ई^(−०.०५९ ÷ सा)

उत्तर वॉट प्रति चौरस मीटरमध्ये येते, आणि ते आडव्या पृष्ठभागावरचे एकूण प्रारण असते. घातांकासाठी स्प्रेडशीटमध्ये 'एक्सप' हे फंक्शन आहे.

दुसरे सूत्र कास्टेन आणि चेप्लाक यांचे, १९८०चे, आणि तेही सोपे आहे: ९१० × सा − ३०. ते हॅम्बुर्ग इथल्या दहा वर्षांच्या नोंदींवर बसवलेले आहे. दोन्ही सूत्रे एकाच दिवसाला लावली की काय होते ते बघण्यासारखे आहे. २० अंश उत्तर अक्षांश आणि १० ऑक्टोबर घेऊ. दिवसाचा क्रमांक २८३, क्रांती −७.७ अंश. माध्यान्हाजवळच्या तासाला सा = ०.८७७. हॉरविट्झ ९०० वॉट देतात, कास्टेन-चेप्लाक ७६८. दिवसाची बेरीज एकीकडे ६.५२ किलोवॉट-तास प्रति चौरस मीटर, दुसरीकडे ५.६३. अजून एकही ढग हिशोबात आलेला नाही आणि तरी फरक सुमारे १४ टक्क्यांचा.

कोणाचे खरे मानायचे? त्यासाठी तिसरा साक्षीदार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, १९९८मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिंचन मार्गदर्शिकेत निरभ्र दिवसाची बेरीज अशी आहे: वातावरणाबाहेरच्या दैनिक प्रारणाला ०.७५ ने गुणा, आणि समुद्रसपाटीपासूनच्या दर हजार मीटर उंचीमागे त्या ०.७५ मध्ये ०.०२ वाढवा. आपल्या दिवसाला वातावरणाबाहेर ८.९९ किलोवॉट-तास येतात, त्यांचे ७५ टक्के म्हणजे ६.७४. हॉरविट्झशी हे चांगले जुळते. मात्र धूळ, धूर किंवा दाट दमट हवा असलेल्या ठिकाणी खरे मूल्य या दोघांच्याही खाली असू शकते. ढगांच्या नोंदीत धूर दिसत नाही. तिथे शून्य ऑक्टा असते आणि ऊन मात्र मंद असते. या पद्धतीचा हा खरा आंधळा कोपरा आहे. त्यावरचा उपाय एकच: स्वतःच्या ठिकाणच्या निरभ्र दिवसांच्या मोजमापाशी ताडून बघणे.

तिसरी पायरी: ढगांचा गुणक

कास्टेन-चेप्लाक यांच्या निरभ्र सूत्राबद्दल काहीही मत असो, त्यांचा ढगांचा गुणक आजही भरपूर वापरला जातो, आणि मीही तोच सुचवतो:

गुणक = १ − ०.७५ × (ऑक्टा ÷ ८)^३.४

| ऑक्टा | गुणक |
|---|---|
| ० | १.००० |
| १ | ०.९९९ |
| २ | ०.९९३ |
| ३ | ०.९७३ |
| ४ | ०.९२९ |
| ५ | ०.८४८ |
| ६ | ०.७१८ |
| ७ | ०.५२४ |
| ८ | ०.२५० |

या तक्त्याकडे जरा वेळ देऊन बघा. अर्धे आकाश झाकले तरी फक्त ७ टक्के घट, आणि सातव्यावरून आठव्या ऑक्टाला जाताना प्रारण निम्म्याहूनही खाली. सुरुवातीला हे पटत नाही. कारण असे की ढग प्रकाश फारसा गिळत नाहीत, ते तो विखुरतात. सूर्यासमोर नसलेला पांढराशुभ्र क्युम्युलस आपल्या उजळ बाजूंवरून जमिनीवर जास्तीचा प्रकाश टाकतो आणि शेजारच्या ढगाच्या सावलीची बरीच भरपाई करतो. दुसरे, थोडे ढग असलेले आकाश सहसा चांगल्या हवेचे असते आणि त्यातले ढग लहान किंवा विरळ असतात. आठ ऑक्टा होतात तेव्हा मात्र अनेकदा शेकडो मीटर जाडीचा सलग थर वर असतो. म्हणजे ऑक्टा वाढतात तशी जाडीही वाढत जाते, आणि सूत्रातला ३.४ हा घातांक दोन्ही परिणाम एकत्र उचलतो.

टक्क्यांतला आकडा असेल तर ऑक्टा ÷ ८ च्या जागी टक्के ÷ १०० लिहा.

चौथी पायरी: गुणाकार आणि बेरीज

आता १० ऑक्टोबरच्याच दिवसाला ढग देऊ. सकाळ मोकळी, दुपारकडे भरून येणारे आकाश, संध्याकाळी झाकोळ. वेळ सौर, तासाच्या मध्याची. प्रारण वॉट प्रति चौरस मीटर.

| वेळ | निरभ्र | ऑक्टा | गुणक | अंदाज |
|---|---|---|---|---|
| ६:३० | ३८ | १ | ०.९९९ | ३८ |
| ७:३० | २८२ | १ | ०.९९९ | २८२ |
| ८:३० | ५११ | २ | ०.९९३ | ५०७ |
| ९:३० | ६९९ | २ | ०.९९३ | ६९४ |
| १०:३० | ८३२ | ४ | ०.९२९ | ७७३ |
| ११:३० | ९०० | ५ | ०.८४८ | ७६३ |
| १२:३० | ९०० | ६ | ०.७१८ | ६४६ |
| १३:३० | ८३२ | ७ | ०.५२४ | ४३६ |
| १४:३० | ६९९ | ७ | ०.५२४ | ३६६ |
| १५:३० | ५११ | ८ | ०.२५० | १२८ |
| १६:३० | २८२ | ८ | ०.२५० | ७० |
| १७:३० | ३८ | ७ | ०.५२४ | २० |

शेवटच्या रकान्याची बेरीज ४७२३ वॉट-तास, म्हणजे ४.७२ किलोवॉट-तास प्रति चौरस मीटर. शेतीच्या सूत्रांना मेगाज्यूल लागतात. १ किलोवॉट-तास म्हणजे ३.६ मेगाज्यूल, तेव्हा हे झाले १७ मेगाज्यूल.

आता तीच गोष्ट सरासरीने करून बघा. बारा तासांच्या ऑक्टांची सरासरी ४.८३, तिचा गुणक ०.८६५, आणि निरभ्र ६.५२ ला त्याने गुणले की ५.६४ किलोवॉट-तास. नोंदी त्याच, सूत्र तेच, आणि उत्तर १९ टक्क्यांनी फुगलेले. याहून टोकाचे उदाहरण म्हणजे अर्धा दिवस पूर्ण निरभ्र आणि उरलेला अर्धा पूर्ण झाकलेला. तासागणिक हिशोबाने निरभ्र दिवसाच्या ६२.५ टक्के प्रारण मिळते, सरासरी ४ ऑक्टा धरून ९२.९ टक्के. गुणकाची रेषा वाकडी आहे, म्हणून सरासरीचा गुणक आणि गुणकांची सरासरी या वेगळ्या गोष्टी ठरतात. शिवाय सरासरीत एक ढगाळ पहाट आणि एक ढगाळ दुपार सारख्याच वजनाची होते, जेव्हा प्रत्यक्षात दुपारच्या एका तासात पहाटेच्या वीसपटीहून जास्त ऊर्जा असते.

दिवसातून तीन-चारच नोंदी मिळत असतील तर? मधले तास आजूबाजूच्या नोंदींवरून रेषेने भरा आणि मग तासागणिक सूत्र लावा. हे आदर्श नाही, तरी दिवसाच्या सरासरीपेक्षा नक्कीच बरे.

ढग कोणता, हे किती यापेक्षा मोठे

आठ ऑक्टा ही नोंद दोन अगदी वेगळ्या दिवसांना लागू शकते. एका दिवशी उंचावर पातळ सिरोस्ट्रॅटस असतो, सूर्याभोवती खळे दिसते आणि जमिनीवर स्पष्ट सावली पडते. दुसऱ्या दिवशी निंबोस्ट्रॅटसमधून संततधार चालू असते. कास्टेन-चेप्लाक यांनीच पूर्ण झाकलेल्या आकाशाचे गुणक ढगांच्या प्रकारानुसार दिले आहेत:

- सिरस आणि त्याचे नातलग: ०.६१
- अल्टोक्युम्युलस, अल्टोस्ट्रॅटस: ०.२७
- क्युम्युलस, स्ट्रॅटोक्युम्युलस: ०.२५
- स्ट्रॅटस: ०.१८
- निंबोस्ट्रॅटस: ०.१६

माध्यान्हाच्या ९०० वॉटना हे लावले तर सिरसखाली सुमारे ५५० वॉट आणि निंबोस्ट्रॅटसखाली सुमारे १४५. तुमच्या नोंदीत ढगाचा प्रकार असेल तर तो टाकून देऊ नका. सूत्रातल्या ०.७५ च्या जागी 'एक वजा या यादीतला आकडा' घाला: सिरससाठी ०.३९, निंबोस्ट्रॅटससाठी ०.८४. अर्धवट झाकलेल्या आकाशासाठी हा काटेकोर नियम नाही, पण अंदाजाला चांगला उपयोगी पडतो. वरच्या तक्त्यात दुपारी साडेबारा ते अडीचपर्यंतचे ढग सिरस होते असे समजा. दिवसाची बेरीज ४.७२ वरून ५.२० किलोवॉट-तासांवर जाते.

प्रकार नसेल, पण ढगाच्या तळाची उंची असेल, तरी भागते. सहा किलोमीटरच्या वर तळ असलेले ढग बहुधा सिरस कुळातले (ध्रुवांकडे ही मर्यादा बरीच खाली येते), त्यांना ०.३९ द्या. त्या तासाला पाऊस नोंदला असेल तर ०.८४ द्या. बाकी सगळ्यांना ०.७५.

संगणकीय प्रारूपे आणि पुनर्विश्लेषणे (जुन्या नोंदी प्रारूपात घालून पुन्हा उभे केलेले मागचे हवामान) एकूण आच्छादनाबरोबर खालच्या, मधल्या आणि वरच्या ढगांचे आकडे वेगवेगळे देतात. एकूण आकडा घेण्याचा मोह टाळा, कारण त्यात पातळ सिरसही शंभर टक्के म्हणून मोजला जातो. प्रत्येक थराचा गुणक काढून त्यांचा गुणाकार घ्या. आणि त्याआधी फाइलमध्ये प्रारणाचाच रकाना आहे का ते बघा. मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाच्या युरोपीय केंद्राचे 'ईआरए५' हे पुनर्विश्लेषण जमिनीवर येणारे सौर प्रारण थेट देते, तासाभराचे साठवलेले, ज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये. ३६०० ने भागले की सरासरी वॉट मिळतात. प्रारण हाताशी असताना त्याच प्रारूपाच्या ढगांवरून ते पुन्हा काढणे म्हणजे घरात पीठ असताना गहू दळायला नेणे.

तिरक्या पॅनेलसाठी

आतापर्यंतचे सगळे आकडे आडव्या पृष्ठभागाचे. तिरक्या पृष्ठभागासाठी थेट किरण आणि विखुरलेला प्रकाश वेगळे करावे लागतात. त्यासाठीही कास्टेन-चेप्लाक यांचे सूत्र आहे: विखुरलेला वाटा = ०.३ + ०.७ × (ऑक्टा ÷ ८)^२. चार ऑक्टाला ४७.५ टक्के, आठला सगळाच विखुरलेला. स्वच्छ, कोरड्या हवेत निरभ्र दिवशी ३० टक्के विखुरलेला वाटा जास्त होतो, तिथे ०.१५ च्या आसपासून सुरुवात करून ०.७ च्या जागी ०.८५ घालणे मला योग्य वाटते.

दुसरी सूत्रे भेटतील तेव्हा

शोधायला गेलात की आणखी सूत्रे सापडतील. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा: गुणक कशाला लावायचा, आणि सूत्र कोणत्या कालावधीच्या सरासरीवर बसवले आहे?

जे. एन. ब्लॅक यांचे १९५६चे सूत्र पाहा: ०.८०३ − ०.३४० × आच्छादन − ०.४५८ × आच्छादनाचा वर्ग, आच्छादन ० ते १ मध्ये. हा गुणक वातावरणाबाहेरच्या प्रारणाला लावायचा असतो. निरभ्र प्रारणाला लावला तर वातावरणाची घट दोनदा वजा होते. आणि हे सूत्र मासिक सरासऱ्यांवर उभे आहे, म्हणून त्यात मासिक सरासरी आच्छादनच घालायचे. सरासरीचा वाकडेपणा त्याच्या आकड्यांत आधीच मुरलेला आहे. सुरुवातीचा 'सरासरी नको' हा नियम तासागणिक सूत्रांसाठी आहे.

सूर्यप्रकाशाच्या तासांची नोंद मिळत असेल तर मात्र ढग बाजूला ठेवा. अँडर्स ऑंगस्ट्रॉम यांनी १९२४मध्ये मांडलेले आणि प्रेस्कॉट यांनी १९४०मध्ये सुधारलेले नाते असे: दैनिक प्रारण = वातावरणाबाहेरचे प्रारण × (०.२५ + ०.५० × प्रत्यक्ष सूर्यप्रकाशाचे तास ÷ दिवसाची लांबी). ०.२५ आणि ०.५० ही एफएओने स्थानिक आकडे नसताना वापरायला सांगितलेली मूल्ये. सूर्यप्रकाशाचा तास तेव्हाच मोजला जातो जेव्हा थेट किरणांची तीव्रता १२० वॉट प्रति चौरस मीटरच्या वर असते. म्हणजे पातळ ढग आणि जाड ढग यांतला फरक त्या नोंदीत आपोआप येतो, आणि ढगांच्या आकड्यात नेमका तोच हरवलेला असतो.

उत्तरावर किती भरवसा ठेवावा

एका तासाच्या उत्तरावर फार कमी. चार ऑक्टाच्या आकाशात तुमची जागा त्या तासात उन्हात होती की सावलीत, हे ऑक्टा सांगत नाहीत. सूर्य ढगाच्या कडेजवळून डोकावतो तेव्हा काही क्षण प्रारण निरभ्र दिवसाच्याही वर जाते. अशा क्षणी १३६१ च्या वरची मूल्येही मोजली गेली आहेत. सूर्य खाली असताना तेच चार ऑक्टा जास्त सावली पाडतात, कारण किरण ढगांच्या उंचीला तिरके छेदत येतात. दिवसाच्या बेरजेत यातले बरेच एकमेकांना खाते आणि महिन्याच्या सरासरीत त्याहून जास्त. म्हणून बॅटरी किती मोठी घ्यायची किंवा महिन्याचे उत्पादन किती, यांसाठी ही पद्धत वापरा. पॅनेलमधला एखाद्या मिनिटाचा दोष हुडकायला ती वापरू नका.

काही आठवड्यांचे जरी खरे मोजमाप मिळाले, स्वतःच्या पायरॅनोमीटरचे किंवा जवळच्या केंद्राचे, तरी अंदाज खूप सुधारतो. आधी शून्य-एक ऑक्टाचे तास निवडा आणि मोजलेल्या प्रारणाला हॉरविट्झच्या आकड्याने भागा. उत्तर सातत्याने ०.९४ येत असेल तर १०९८ च्या जागी १०९८ × ०.९४ घ्या. ऋतू बदलला की हवेतली धूळ आणि बाष्प बदलते, म्हणून शक्य असेल तर हा आकडा ऋतूनुसार वेगळा ठेवा. मग सगळे तास ऑक्टांनुसार नऊ गटांत टाका आणि प्रत्येक गटात मोजलेल्या व निरभ्र प्रारणाच्या गुणोत्तराची सरासरी काढा. सूर्याची उंची १० अंशांपेक्षा कमी असलेले तास या कामातून वगळा, तिथे लहानशा चुकीनेही गुणोत्तर भलतेच येते. हे नऊ आकडे वरच्या तक्त्याशेजारी ठेवले की ०.७५ आणि ३.४ तुमच्या ठिकाणी कुठे हलवायला हवेत ते दिसते. आठ ऑक्टाचा गट ०.७५ ठरवतो, पाच ते सात ऑक्टांचे गट ३.४ ठरवतात.

मोजमापातला एक भाग मात्र या जुळवणीत वापरू नका. तो तपासणीसाठी राखा, आणि त्यावर दोन आकडे काढा: सरासरी फरक, म्हणजे अंदाज एकंदरीत वर जातो की खाली, आणि फरकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ, म्हणजे तो किती विखुरतो. पहिला आकडा शून्याजवळ आणता येतो. दुसरा मोठाच राहिला तर आकड्यांशी आणखी झुंजू नका. फरक ज्या तासांत सर्वांत मोठे आहेत ते वेगळे काढा आणि त्या तासांची ढगांची उंची, पाऊस आणि दृश्यमानता बघा. ते बहुतेक उंच पातळ ढगांचे निघाले तर प्रकारानुसार गुणक वापरायची वेळ आली आहे. दृश्यमानता कमी आणि ऑक्टा शून्य असे तास निघाले, तर दोष धुळीचा किंवा धुराचा आहे आणि दुरुस्ती निरभ्र प्रारणाच्या आकड्यात करायला हवी.